राखणारीची राखण

वर्धापनदिनाची स्मरणिका निघावयाची झाली, म्हणजे जुन्या सभासदांपैकी कोणी तरी 'चार जुन्या गोष्टी' लिहाव्यात, असा आपल्या मंडळात पायंडाच पडला आहे. यंदा चिटणीसबाईंनी ते काम माझ्याकडे सोपवले. मंडळाच्या स्थापनेची हकीकत आजवर कितीदा तरी छापून आली आहे; तीच पुन्हा सांगून तुमचा वेळ घेणे मला बरे वाटेना. म्हणून जरा दूरची हकीकत सांगते. ती ऑस्ट्रेलियात फुटबॉल खेळणाऱ्या एका मुलीची आहे. दूरची म्हटली तरी आपल्या मंडळाशी तिचा संबंध आहे. तो कसा, हे आधी सांगितले पाहिजे.

गेल्या वर्षीच्या वर्धापनदिनी आपल्या पटांगणावर मुलींचे कबड्डीचे सामने झाले, ते तुम्हांला आठवत असतील. शेवटच्या सामन्यात आपल्या संघाची डावा कोपरा सांभाळणारी मुलगी पकड घेताना आदळली. तिचे डोके जमिनीवर आपटले. ती उठून बसली, पण गुण किती झाले असे विचारताच भलताच आकडा सांगू लागली. मी पंचांच्या शेजारीच बसले होते. मी तिच्या तोंडावर पाणी मारले आणि म्हणाले, "ऊठ बाळ, दोनच मिनिटे राहिली आहेत. कोपरा रिकामा पडला तर सामना गेला." ती उठली, खेळली, आपण सामना जिंकलो आणि सर्वांनी टाळ्या वाजविल्या. रात्री त्या मुलीला उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस ती इस्पितळात होती. देवाच्या कृपेने आता ती ठणठणीत आहे. तिची आई आपल्या मंडळाची सभासद आहे. ती मला एका शब्दाने काही बोलली नाही. बोलली असती, तर मला बरे वाटले असते.

कारण, भगिनींनो, असे करू नये हे मला ठाऊक होते. चेल्सी रँडॉलची गोष्ट मला ठाऊक होती.

२०१९ च्या मार्चमध्ये मी धाकट्या लेकीकडे ॲडलेडला गेले होते. ॲडलेड हे नाव आमच्या घरी फार जुने. १९४८ च्या जानेवारीत आपल्या विजय हजाऱ्यांनी तेथील मैदानावर एकाच कसोटीच्या दोन्ही डावांत शतके काढली, एकशेसोळा आणि एकशेपंचेचाळीस. माझे वडील ती कथा पोथी वाचावी तशी आम्हांला सांगत. तेव्हा 'ॲडलेड ओव्हल' एकदा डोळ्यांनी पाहावे अशी माझी इच्छा होती. लेक म्हणाली, "आई, क्रिकेटचा हंगाम सरत आला. पण रविवारी तेथे बायकांच्या फुटबॉलचा अंतिम सामना आहे आणि प्रवेश मोफत आहे." मोफत म्हटल्यावर मी अर्थातच निघाले.

तो खेळ आपल्या ओळखीच्या फुटबॉलसारखा नाही. तिकडे त्याला लाडाने 'फुटी' म्हणतात. क्रिकेट खेळणाऱ्यांचे अंग हिवाळ्यात जड होऊ नये, म्हणून मेलबर्नच्या क्रिकेटपटूंनी १८५८-५९ च्या सुमारास तो बसविला. त्यामुळे तो आजही क्रिकेटच्याच लंबवर्तुळाकार मैदानावर खेळतात. चेंडू दोन्ही टोकांना निमुळता असतो. तो लाथेने उडवायचा, नाही तर एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकून मात्र द्यावयाचा नाही. दोन्ही टोकांस चार-चार उंच खांब असतात. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की सहा गुण, आणि त्यांच्या बाजूच्या फटीतून गेला तर एक गुण. बायकांच्या सामन्यात दोन्हीकडे सोळा-सोळा जणी मैदानात असतात. दुरून लाथाडलेला चेंडू वरचेवर झेलला, तर झेलणारीला मोकळी लाथ मारण्याचा हक्क मिळतो. त्यामुळे हा झेल म्हणजे त्या खेळाचा प्राणच.

आता मागच्या फळीतील खेळाडूचे काम पाहा. समोरची खेळाडू झेल घेण्यासाठी उसळते, तेव्हा हिने तिच्या मागून वा बाजूने उडी घेऊन मुठीने चेंडू उडवून लावावयाचा, अथवा स्वतःच तो झेलावयाचा. पुष्कळदा डोळे आकाशातल्या चेंडूकडे आणि पाय उलटे मागे पळत, अशी स्थिती असते. मागून कोण धावत येत आहे, हे दिसत नाही. गुणफलकावर तिचे नाव क्वचितच लागते. तिचे यश म्हणजे जे झाले नाही ते. घरातल्या बाईच्या कामासारखेच आहे हे. दूध उतू गेले तर सगळ्यांना दिसते, आणि गेले नाही तर कोणाच्या लक्षातही येत नाही.

बायकांनी हा खेळ काही काल-परवा सुरू केला नाही. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, पर्थ शहरात दुकानांतून काम करणाऱ्या मुलींनी सामने खेळल्याची नोंद आहे. १९२९ मध्ये याच ॲडलेडच्या मैदानावर बायकांचा सामना पाहण्यास एक्केचाळीस हजार लोक जमले होते. परंतु अशा सामन्यांकडे लोक गंमत म्हणून पाहत. गंमत संपली की मुलींनी घरी जावे, ही अपेक्षा. व्हिक्टोरिया प्रांतात बायकांची स्वतंत्र संघटना झाली ती १९८१ मध्ये. पुढे पुष्कळ वर्षे त्यांनी स्वतःच्या पैशाने, मिळेल त्या मैदानावर खेळ चालू ठेवला. २०१३ मध्ये मोठ्या मैदानावर दोन नामांकित संघांच्या नावाने बायकांचा एक प्रदर्शनी सामना झाला. अखेर २०१७ मध्ये आठ संघांची राष्ट्रीय साखळी सुरू झाली. ३ फेब्रुवारीस मेलबर्नला पहिला सामना होता. चोवीस हजारांवर माणसे आत आली आणि जागा संपल्यामुळे कित्येकांना दारातून परत फिरावे लागले. पहिल्या वर्षी बहुतेक मुलींना साऱ्या हंगामाचे सुमारे साडेआठ हजार डॉलर मिळत. तेवढ्यावर संसार चालत नाही. म्हणून कोणी शिक्षिका, कोणी परिचारिका, कोणी लष्करात, असे दिवसा काम आणि संध्याकाळी सराव चाले.

चेल्सी रँडॉल ही त्या पहिल्या पिढीतली. जन्म १९९१ चा, पश्चिम ऑस्ट्रेलियातला. पर्थच्या स्वान डिस्ट्रिक्ट्स संघाकडून ती खेळे. पर्थपासून सुमारे बाराशे किलोमीटर उत्तरेस न्यूमन नावाचे खाणींचे गाव आहे. तेथे राहून वाळवंटातील आदिवासी वस्त्यांत खेळ शिकविण्याचे काम तिने केले. राष्ट्रीय साखळी ठरली, तेव्हा ॲडलेडच्या संघाने तिला मानाची खेळाडू म्हणून बोलावून घेतले. एरिन फिलिप्स नावाच्या, बास्केटबॉलमध्ये आधीच नाव कमावलेल्या खेळाडूबरोबर ती संघाची जोड-कर्णधार झाली. २५ मार्च २०१७ रोजी झालेल्या पहिल्या अंतिम सामन्यात ॲडलेडने ब्रिस्बेनला पस्तीस विरुद्ध एकोणतीस असे सहा गुणांनी हरविले. त्या वर्षी आणि पुढच्याही वर्षी सर्व संघांतून निवडलेल्या मानाच्या संघात रँडॉलचे नाव होते.

मी पाहिलेला सामना ३१ मार्च २०१९ चा. त्रेपन्न हजार चौतीस माणसे! बायकांच्या सामन्याला एवढी गर्दी ऑस्ट्रेलियात पूर्वी कधी झाली नव्हती. १९२९ चा तो एक्केचाळीस हजारांचा आकडा २०१८ मध्ये पर्थला मागे पडला होता, आणि आता त्याच जुन्या ॲडलेडच्या मैदानाने पुन्हा मान मिळविला. माझ्या शेजारी एक आजी नातीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. माझ्या लेकीने मागच्या फळीकडे बोट दाखवून म्हटले, "आई, ती बघ रँडॉल. तुझ्यासारखी कोपरा सांभाळणारी." शाळेत असताना मी कबड्डीत डावा कोपरा खेळत असे, म्हणून तिने तसे म्हटले. ॲडलेडने कार्लटन संघाचा त्रेसष्ट विरुद्ध अठरा असा दणदणीत पराभव केला. पण त्या दिवसाचे माझ्या मनात राहिलेले चित्र निराळेच आहे. एरिन फिलिप्सचा गुडघा दुखावला आणि तिला मैदानाबाहेर उचलून नेऊ लागले, तेव्हा सारे प्रेक्षागृह उभे राहिले. टाळ्या वाजत होत्या, पण "ऊठ, खेळ" असे कोणी ओरडले नाही. मला त्याचे नवल वाटले. आमच्या वेळी तसे ओरडत.

पुढे रँडॉलचाही गुडघा गेला आणि २०२० चा सारा हंगाम तिने बाहेर बसून काढला. २०२१ मध्ये ती परत आली, ती कर्णधार म्हणूनच. आणि येथून पुढे माझ्या गोष्टीचा गाभा सुरू होतो.

त्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्याकडे साथीची दुसरी लाट आली होती. आपण सर्व जणी घरांत कोंडलेल्या होतो, मंडळाचे दार बंद होते. लेक रोज रात्री फोन करी. इकडच्या बातम्या ऐकून तिला रडू येई, म्हणून मीच विषय बदलून तिकडचे काही विचारी. अशा एका रात्री तिने सांगितले, की उपान्त्य सामन्यात मेलबर्नच्या एका खेळाडूशी टक्कर होऊन रँडॉलच्या डोक्याला मार लागला. सामना ॲडलेडने जिंकला. अंतिम सामना सातच दिवसांवर, आणि तोही आपल्याच मैदानावर. परंतु त्याच वर्षाच्या आरंभी एक नियम झाला होता: डोक्याला धक्का बसून मेंदू हादरला, असे डॉक्टरांनी ठरविले, की निदान बारा दिवस त्या खेळाडूने सामना खेळावयाचा नाही.

सात दिवस आणि बारा दिवस. हिशेब एवढाच होता.

मोठी चर्चा झाली. एवढ्या मोठ्या सामन्यासाठी सवलत द्यावी, सामनाच पुढे ढकलावा, असे म्हणणारे लोक होते. आपण तेथे असतो तर आपणही म्हटले असते. बारा दिवसांचे अकरा, दहा करता आले नसते का? कर्णधार आहे, वर्षभर दुखण्यातून उठून आली आहे, स्वतःला बरे वाटते म्हणते, मग कोणाचे काय गेले? पण नियम राहिला. रँडॉलने तो मान्य केला आणि ती खेळली नाही. १७ एप्रिलला तिच्यावाचून ॲडलेडचा संघ मैदानात उतरला आणि ब्रिस्बेनकडून अडतीस विरुद्ध वीस असा हरला. सामन्यातील उत्कृष्ट खेळाडूचे पदक मिळाले ते ब्रिस्बेनच्या केट लटकिन्सला. तीही मागच्या फळीतलीच. ज्या जागी रँडॉलने उभे राहावयाचे, तसल्याच जागेवर उभी राहून दुसऱ्या संघाच्या मुलीने सामना राखला.

मी लेकीला म्हणाले, "अगं, पण हरले ना ते शेवटी!" ती म्हणाली, "हो आई, हरले." आणि गप्प झाली. त्या वेळी मला तो नियम फार कोरडा वाटला होता.

तो कोरडा नव्हता, हे मला दोन वर्षांनी समजले. २०१७ च्या त्या पहिल्या विजयी संघात हेदर अँडरसन नावाची एक मुलगी होती. लष्करात ती वैद्यकीय सेवेत होती. खेळताना ती डोक्याला झगझगीत गुलाबी रंगाचे टोपडे घाली. तिच्या आईची दृष्टी अधू होती. एवढ्या मुलींत आपली लेक आईला ओळखता यावी, म्हणून तो रंग. तो पहिलाच हंगाम तिचा शेवटचा ठरला. अंतिम सामन्यात खांदा दुखावला आणि आठ सामन्यांनंतर तिचा खेळ थांबला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिने आपल्या हाताने जीवन संपविले. आईवडिलांनी तिचा मेंदू संशोधनासाठी दिला. २०२३ च्या जुलैमध्ये डॉक्टरांनी जाहीर केले, की तिच्या मेंदूत 'सीटीई' या विकाराची चिन्हे आढळली. डोक्याला वर्षानुवर्षे पुन:पुन्हा धक्के बसल्याने हा विकार जडतो, आणि त्याचे निश्चित निदान मृत्यूनंतरच होते. व्यावसायिक खेळाडू असलेल्या स्त्रीमध्ये तो सापडल्याचे जगात प्रथमच नोंदले गेले. त्या विकारामुळेच ती गेली, असे कोणी म्हणू शकत नाही, आणि मीही म्हणत नाही. मन फार खोल असते. पण पुरुष खेळाडूंत हा विकार कित्येक वर्षांपासून ठाऊक होता. बायकांचा विचार त्यात फारसा झाला नव्हता. ज्यांना खेळू देण्यासच शंभर वर्षे लागली, त्यांच्या दुखण्याची मोजदाद कोण ठेवणार?

टोपडे घातले म्हणजे डोके राखले गेले, असे आपल्याला वाटते. ते खोक पडू देत नाही, एवढेच. मेंदू कवटीच्या आत असतो आणि तो आतल्या आत हादरतो. वरून काही दिसत नाही. रक्त येत नाही, हाड मोडत नाही. मुलगी उठून उभी राहते, बोलते, हसते. फक्त गुण किती झाले, ते चुकीचे सांगते. पहिला धक्का ओसरण्याच्या आत दुसरा बसला, तर तो फार घातक ठरू शकतो, म्हणून ते बारा दिवस. खेळाडूच्या स्वतःच्या शब्दावर ते सोडता येत नाही, कारण निर्णय ज्याने घ्यावयाचा त्या मेंदूलाच तर मार लागलेला असतो. शिवाय सांभाळण्याची सवय असलेली बाई स्वतःविषयी "मला काही झाले नाही" असेच म्हणणार. तुम्ही-आम्ही तापाने फणफणलो असतानाही तेच म्हणतो.

रँडॉलची गोष्ट त्या पराभवाने संपली नाही. ९ एप्रिल २०२२ रोजी ॲडलेड पुन्हा त्याच मैदानावर अंतिम सामन्यात उतरले, आणि या वेळी कर्णधार मैदानात होती. मेलबर्नवर एकोणतीस विरुद्ध सोळा असा विजय मिळाला आणि तिच्या हाती तिसऱ्यांदा अजिंक्यपद आले. लेकीने त्या दिवशीचे छायाचित्र मला पाठविले. मी चष्मा पुसून ते कितीदा तरी पाहिले. एक सामना गेला होता, पण खेळाडू राहिली होती. खेळाडू राहिली, तर सामने पुढेही येतात.

आता माझी स्वतःची एक जुनी गोष्ट सांगून आवरते घेते. शाळेत असताना एका सामन्यात चढाई करणाऱ्या मुलीचा गुडघा माझ्या कानशिलावर बसला. मी उठले आणि खेळले. आम्ही ढाल जिंकली. त्या सामन्याचा उत्तरार्ध मला आजही आठवत नाही. ढाल घेतल्याचे छायाचित्र आहे, म्हणून मी तेथे होते हे ठाऊक. पुढे महिनाभर डोके दुखे, पुस्तकातील अक्षरे हलत. आईने सुंठ उगाळून लावली आणि वडिलांनी जोडाक्षरे चुकतात म्हणून रागावले. मात्र शाळेत सर्वांनी माझे केवढे कौतुक केले! तेव्हापासून पडल्यावर उठणे हाच शूरपणा, असे माझ्या मनाने धरले. पन्नासांहून अधिक वर्षे ते तसेच धरून ठेवले होते, आणि गेल्या वर्षी तेच मी एका लहान मुलीच्या पदरात घातले.

कोणी म्हणेल, बाई, ते ऑस्ट्रेलियाचे व्यावसायिक खेळ, त्यांचे डॉक्टर, त्यांचे डॉलर. आपले पटांगण केवढे आणि आपले सामने ते काय! मला उलट वाटते. त्यांच्याजवळ प्रत्येक सामन्याला डॉक्टर उभा असतो. आपल्याजवळ फक्त आपण असतो. तेव्हा नियमाची गरज आपल्यालाच अधिक.

म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी एक लेखी सूचना ठेवली आहे, ती येथेही मांडते. आपल्या मंडळाच्या सामन्यांत कोणाही मुलीच्या डोक्याला मार लागला, तर ती त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरणार नाही, मग सामना कोणताही असो. डॉक्टरांनी पाहून परवानगी दिल्याखेरीज पुढच्या सरावालाही येणार नाही. त्याच दिवशी तिच्या आईला घरी जाऊन सांगावयाचे, आणि ते काम सामन्याच्या प्रमुख बाईंनी स्वतः करावयाचे. मुलगी काय म्हणते, हे विचारावयाचे नाही. गुण किती, मिनिटे किती, हेही विचारावयाचे नाही.

सूचना मंजूर झाली, तर यंदाच्या सामन्यांत कदाचित आपला एखादा कोपरा रिकामा राहील आणि आपण हरू. हरलो तर टाळ्या मी वाजवीन. आणि गेल्या वर्षीच्या त्या मुलीच्या आईस माझी विनंती आहे, की यंदा सामन्याच्या दिवशी त्यांनी माझ्या शेजारी बसावे.